मे महिन्यात गुवाहाटी: पाच जणांची विमानाची तिकिटं बेतात कशी बसवावीत?

कासपठार
३ फेब्रुवारी २०२५, २१:४२

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण गुवाहाटीला असते, तिचे यजमान लष्करात आहेत. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तिच्या बाळंतपणाची तारीख आहे. आई जाणार हे ठरलेलंच, पण आईबाबांना एवढ्या लांब एकटं पाठवायचा धीर होत नाही, म्हणून आम्ही सगळेच निघतोय. आई, बाबा (वय ७१, गुडघ्यांचा त्रास), मी, नवरा आणि नऊ वर्षांचा मुलगा. रेल्वेतल्या दोन-दोन रात्री बाबांना झेपणार नाहीत. आईबाबा दोघंही पहिल्यांदाच विमानात बसतील.

मुलाची परीक्षा एप्रिलअखेर संपते. आम्ही साताऱ्याचे, म्हणजे पुणे किंवा मुंबई. गेले तीन दिवस मोबाइलवर भाडी बघतेय. सकाळी एक आकडा, रात्री दुसरा. पहिल्या पानावर दिसणारं भाडं पैसे भरायच्या पानावर कधीच तेवढं राहत नाही. कालचा हिशोब देते: भाडं ५,६४९. मग २४९ रुपयांचा विमा, ज्याच्यावर आधीच बरोबरची खूण होती. मग सीटचे ३५०. शेवटी कन्व्हिनियन्स फी, म्हणजे ऑनलाइन तिकीट काढायचे जादा पैसे, ३९९. झाले ६,६४७. एका माणसाचे, एका बाजूचे. पाच जणांचे जाऊन-येऊन करताना छातीत धस्स होतं.

कुठून काढावं, कधी काढावं, पुणे की मुंबई, जाणकारांनी कृपया सांगा.

खिडकीपाशी
३ फेब्रुवारी २०२५, २२:१५

कामासाठी महिन्यातून दोनदा तरी उडतो, त्यातून जमलेलं सांगतो.

शोधायला गूगल फ्लाइट्स किंवा स्कायस्कॅनर वापरा. तिथं पूर्ण महिन्याचं कॅलेंडर दिसतं, कोणत्या तारखेला किती भाडं ते एका नजरेत कळतं. तिकीट मात्र विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच काढा. फरक शंभर-दोनशेचा असेल, पण तारीख बदलायची वेळ आली की मधल्या माणसाकडे आणि कंपनीकडे हेलपाटे घालावे लागत नाहीत.

तो विमा आणि ती सीट दोन्ही काढून टाका. तुम्ही न मागता बिलात वस्तू टाकणं हे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या नियमांप्रमाणे बेकायदा आहे, तरी ठिकठिकाणी चालतं. शेवटचं पान नेहमी वरून खालपर्यंत वाचायचं. कन्व्हिनियन्स फी बहुतेक ठिकाणी दर माणशी, दर फेरीला लागते हे लक्षात ठेवा. पाच जण जाऊन-येऊन म्हणजे दहा वेळा. काही ठिकाणी यूपीआयनं भरलं की ती कमी होते, कार्डाला जास्त.

तारीख कोणती धरताय? १ मे यंदा गुरुवारी आहे. लोक शुक्रवारची रजा टाकून चार दिवसांची सुट्टी करणार. ३० एप्रिल ते ४ मे हा काळ सोडाच.

आबा इचलकरंजी
३ फेब्रुवारी २०२५, २२:५०

ताई, मंगळवारी रात्री बारानंतर तिकीट काढा, स्वस्त पडतं असं आमचा पुतण्या सांगतो. आणि तेच तेच शोधलं की कंपनीला कळतं, ती भाव वाढवते म्हणे.

तिकीटखिडकी
४ फेब्रुवारी २०२५, ०७:३०

आबा, रागावू नका, पण हे दोन्ही खरं नाही. मी सांगलीत अकरा वर्षं ट्रॅव्हल ऑफिसात तिकिटं काढलीत. तिकीट कोणत्या वारी काढता याला फारसा अर्थ नाही, कोणत्या वारी उडता याला आहे. मंगळवार, बुधवार, शनिवार दुपार इथं भाडं सहसा उतरलेलं असतं. शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार रात्र सगळ्यांनाच हवी असते.

भाव का हलतो, ते समजून घेतलं तर जीव शांत होईल. एका विमानातल्या इकॉनॉमीच्या सगळ्या जागा एका भावाच्या नसतात. त्यांचे आठ-दहा किंवा त्याहून जास्त थर असतात. सगळ्यात खालच्या थरात समजा सहा जागा. त्या संपल्या की पुढचा थर उघडतो, तो चार-पाचशेनं महाग. कुणी तिकीट रद्द केलं की एखादी जागा खालच्या थरात परतही येते. सकाळी एक नि रात्री दुसरा आकडा दिसतो तो यामुळे. तुमच्या मोबाइलचा त्यात काही दोष नाही.

आता कामाची गोष्ट. तुम्ही पाच जणांसाठी एकदम शोधताय. खालच्या थरात दोनच जागा उरल्या असतील तर मशीन त्या दोन स्वस्तात आणि तीन महागात असं वाटून देत नाही. जिथं पाच जागा मिळतील त्या वरच्या थराचा भाव पाचही जणांना लावते. म्हणून आधी एका माणसासाठी शोधा, मग दोन, मग तीन. भाव कुठं उडी मारतो ते बघा, आणि तिथं तिकिटं फोडून वेगवेगळी काढा. ऑफिसात आम्ही हे रोज करायचो, गिऱ्हाइकाला कळायचंही नाही.

कासपठार
४ फेब्रुवारी २०२५, १३:०५

तिकीटखिडकी, तुमचे आभार कसे मानू! जेवणाच्या सुट्टीत करून बघितलं. ६ मे, मंगळवार, मुंबईहून थेट. पाच जणांसाठी शोधलं तर दर माणशी ७,४८०. एकासाठी ६,७२०. दोघांसाठीही ६,७२०. तिघं केल्याबरोबर ७,४८०! म्हणजे खालच्या थरात बरोब्बर दोन जागा आहेत.

पुण्याहून कोलकात्यात विमान बदलून ७,९३०, तिथं साडेतीन तास थांबायचं.

आबा इचलकरंजी
४ फेब्रुवारी २०२५, १३:४०

राग कसला. नवीन कळलं. पुतण्याला पण वाचायला देतो हा धागा.

दोन_पिल्लं
४ फेब्रुवारी २०२५, १४:२०

तिकिटं वेगळी काढताना मुलाला कुणाच्या पीएनआरमध्ये (एकत्र काढलेल्या तिकिटांचा एकच नंबर) टाकताय ते नीट बघा. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएनं (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) कंपन्यांना सांगितलंय की बारा वर्षांखालच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आईवडिलांपैकी किंवा पालकांपैकी एकाच्या शेजारी जागा द्यायची. मूल आजीआजोबांच्या तिकिटात आणि तुम्ही दुसऱ्या तिकिटात असं केलंत तर हा हक्क सांगायला अडचण होते. आईबाबांचं एक आणि तुम्हा तिघांचं एक, असंच करा. मग सीटचे पैसे न भरताही मुलगा तुमच्याजवळ बसेल.

दोन वर्षांखालचं बाळ असेल तर मांडीवर, त्याचं वेगळं कमी भाडं असतं. पण वय प्रवासाच्या दिवशीचं धरतात. माझी मुलगी जाताना पावणेदोन वर्षांची होती आणि परतीच्या आधी चार दिवस तिचा वाढदिवस झाला. परतीला तिचं पूर्ण तिकीट घ्यावं लागलं, तेही काउंटरवर, त्या दिवसाच्या भावानं. तारखा जुळवताना हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

किर्र_रात्र
४ फेब्रुवारी २०२५, १६:०२

मुंबई स्वस्त दिसतेय खरी, पण गाडीचे पैसे मोजलेत का?

कासपठार
४ फेब्रुवारी २०२५, २०:३०

मोजले. आमचा नेहमीचा गाडीवाला पुणे विमानतळाचे साडेतीन हजार सांगतो, मुंबईचे साडेसहा. हा आजचा हिशोब:

पुण्याहून: पाच तिकिटं ३९,६५०, गाडी ३,५००. एकूण ४३,१५०.

मुंबईहून पाचही एकत्र: ३७,४०० अधिक ६,५००. एकूण ४३,९००. म्हणजे तिकीट स्वस्त असून घरापासून धरलं तर पुणंच साडेसातशेनं स्वस्त.

मुंबईहून दोन आणि तीन असं फोडून: १३,४४० आणि २२,४४०, म्हणजे ३५,८८०. गाडी धरून ४२,३८०. आता मुंबई ७७० रुपयांनी स्वस्त, आणि वर थेट विमान. बाबांना कोलकात्यात उतरून चढायचं नाही, ही माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट.

सावंतवाडीकर
४ फेब्रुवारी २०२५, २१:१०

हा घरापासूनचा हिशोब आमच्याकडे रोजचा. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला तेव्हा किती आनंद झाला होता! पण तिथून विमानं मोजकीच. जानेवारी २०२३ पासून गोव्यातलं मोपा चालू झालं आणि आता सावंतवाडीची बरीच माणसं तिकडूनच जातात. गोव्याला आता दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत. शोधताना 'गोवा' एवढंच टाकलं तर दोन्ही मिसळून येतात. जाताना मोपा आणि येताना दाबोळी असं तिकीट एकानं आमच्या ओळखीत काढलं. मोपावर ठेवलेली गाडी आणायला दाबोळीहून टॅक्सी करून गेला.

मुंबईतही टी१ आणि टी२ ही टर्मिनलं वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. तिकिटावर कोणतं लिहिलंय ते गाडीवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

एक विचारायचं होतं. सरकारची ती अडीच हजारांची उडान योजना यांना लागू होत नाही का?

तिकीटखिडकी
४ फेब्रुवारी २०२५, २१:४५

नाही. उडान ठरावीक मार्गांवरच आहे, जिथं विमान जातच नव्हतं किंवा क्वचित जायचं अशी गावं जोडायला. २७ एप्रिल २०१७ ला शिमला-दिल्ली विमानानं तिची सुरुवात झाली, त्याच दिवशी आपलं नांदेड-हैदराबादही सुरू झालं. साधारण तासाभराच्या उड्डाणाला २,५०० रुपयांची मर्यादा होती, तीही विमानातल्या काही जागांनाच, सगळ्या जागांना नाही. मुंबई-गुवाहाटीसारख्या मार्गाचा त्यात प्रश्नच येत नाही.

एरवी भाडं ठरवायला कंपन्या १९९४ पासून मोकळ्या आहेत. करोनाच्या काळात सरकारनं खालची-वरची मर्यादा घातली होती, २५ मे २०२० पासून ३१ ऑगस्ट २०२२ पर्यंत. ती उठली. सणासुदीला माणसं अडलेली असतात तेव्हा तरी वरची मर्यादा असावी असं मला मनापासून वाटतं. दिवाळीत नागपूरला आईला भेटायला जाणाऱ्या पोरांना परदेशी जाण्याइतके पैसे मोजताना मी टेबलाच्या अलीकडे बसून पाहिलंय.

नियमाप्रमाणे
४ फेब्रुवारी २०२५, २३:२०

उशिरा आलो, पण तिकीट काढण्याआधी हे वाचा. इथं बरेच जण हक्काचे पैसे सोडून देतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सगळं डीजीसीएच्या आजच्या, म्हणजे फेब्रुवारी २०२५ च्या नियमांत आहे.

तिकीट काढल्यापासून २४ तासांत ते फुकटात रद्द करता येतं किंवा बदलता येतं. बदललेल्या विमानाचं भाडं जास्त असेल तर तेवढा फरक द्यायचा. अट अशी की देशांतर्गत प्रवासाला तिकीट काढल्यापासून किमान सात दिवस बाकी हवेत. तुम्हाला तीन महिने आहेत. मग भाव चांगला दिसला की घेऊन टाका, 'उद्या उतरेल' म्हणून ताटकळत बसू नका. दुसऱ्या दिवशी उतरलाच तर २४ तासांच्या आत रद्द करून नवीन काढा. त्याच २४ तासांत नावातली चूकही फुकट दुरुस्त करून मिळते, तिकीट कंपनीच्या साइटवरून काढलेलं असेल तर. आईबाबांची नावं आधारवर जशी आहेत तशीच टाका, लाडाची नकोत.

२४ तासांनंतर रद्द करायला शुल्क लागतं, पण ते मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही. कर आणि विमानतळाचं शुल्क परत द्यावंच लागतं. 'नॉन-रिफंडेबल' तिकिटाचंसुद्धा. इतकंच काय, तुम्ही विमानतळावर गेलाच नाहीत तरीही. क्रेडिट कार्डानं भरलेले पैसे सात दिवसांत परत यायला हवेत. पैसे परत करायची प्रक्रिया म्हणून वेगळी फी लावता येत नाही.

तिकिटावर स्वतःचा मोबाइल आणि ईमेल द्या. एजंटाचा देऊ नका. विमान रद्द झालं आणि दोन आठवडे आधी कळवलं तर कंपनी दुसरं विमान किंवा पैसे परत, यातलं तुम्ही म्हणाल ते देते. वेळेत कळवलं नाही आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल तर वर भरपाईही असते. उड्डाण दोन तासांपेक्षा लांबचं असेल, जसं तुमचं आहे, तर १०,००० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यातलं जे कमी असेल ते. पण तिकिटावर तुमचा नीट संपर्कच नसेल तर ही भरपाई मिळत नाही. ३० मार्चपासून उन्हाळी वेळापत्रक लागणार, तुमचं विमान मेचं, मधे वेळ बदलण्याचा मेसेज येऊ शकतो. तो आजोबांच्या बंद फोनवर जायला नको.

आणि बाबांसाठी व्हीलचेअर मागवा. किमान ४८ तास आधी कळवायची, तिकीट काढतानाच पर्याय असतो. मुंबईत दारापासून विमानापर्यंत बरंच चालावं लागतं.

आबा इचलकरंजी
५ फेब्रुवारी २०२५, ०६:५५

गेल्या वर्षी माझं चेन्नईचं तिकीट तापामुळं फुकट गेलं. काहीच मिळणार नाही असं फोनवर सांगितलं गेलं, म्हणून मी सोडून दिलं होतं. आता करांचे पैसे मागणारं ईमेल आजच पाठवतो. कुठं तक्रार करायची झाली तर?

नियमाप्रमाणे
५ फेब्रुवारी २०२५, ०८:१०

आधी कंपनीला ईमेल, पीएनआर लिहून. फोनवर बोलू नका, लेखी ठेवा. उत्तर आलं नाही तर एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा, किंवा ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि आबा, कंपनीचा फोन नंबर गूगलवर शोधून लावू नका. तिथं भामट्यांनी टाकलेले नंबर असतात, रिफंड देतो म्हणून खातं साफ करतात. नंबर कंपनीच्या साइटवरूनच घ्या.

मेतकूट
५ फेब्रुवारी २०२५, ११:३०

बाळंतिणीकडे जाताय म्हणजे सामान आलंच, म्हणून लिहिते. बहुतेक स्वस्त तिकिटांत दर माणशी १५ किलो चेक-इनला (काउंटरवर द्यायच्या सामानात) आणि ७ किलो हातात. एका पीएनआरमधल्या माणसांचं वजन सहसा एकत्र धरतात, पण तुम्ही दोन पीएनआर करताय. आईबाबांचे ३० किलो वेगळे, तुमचे ४५ वेगळे. आईबाबांच्या बॅगांत डिंकाचे लाडू, हळीव, खारीक भरून त्या मिळून ३६ किलो झाल्या आणि तुमच्या ३० वरच राहिल्या, तर काउंटरवर सहा किलोंचे पैसे मागू शकतात. घरीच काट्यावर वजन करून वाटून घ्या. जास्तीचं वजन लागणारच असेल तर आधी ऑनलाइन घ्या, काउंटरवर महाग पडतं.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका. त्यात तेल असतं, पेट घेतात म्हणून बॅग उघडून काढून घेतात. माझ्या सासूबाईंच्या दोन किलो वाट्या तिथंच राहिल्या, त्या परतीपर्यंत हळहळत होत्या. खोबरं किसून, भाजून लाडवात घालूनच न्या. लोणचं हातातल्या पिशवीत नको, चेक-इनला, बरणी नीट गुंडाळून. पॉवर बँक उलट, ती हातातच.

खिडकीपाशी
५ फेब्रुवारी २०२५, १२:१०

परतीचं काय ठरलं?

कासपठार
५ फेब्रुवारी २०२५, २२:४०

झालं! काल मध्यरात्री नियमाप्रमाणे यांचं वाचलं आणि आज सकाळी सहालाच तिकिटं काढली. आईबाबांचं ६ मेचं ६,७२० नं, आमचं तिघांचं ७,४८० नं. दोन वेगळे पीएनआर, विमान तेच. विम्याची खूण काढली, सीट घेतली नाही, यूपीआयनं भरलं. बाबांची व्हीलचेअर नोंदवली.

आज दिवसभरात तीनदा भाव बघितला, २४ तास संपायच्या आत काही उतरतोय का म्हणून. दुपारी एकासाठीसुद्धा ७,४८० दाखवत होता. त्या दोन स्वस्त जागा आम्हालाच मिळाल्या!

आमची परतीची तिकिटं २० मे, मंगळवारची काढली. आईबाबा ऑगस्टपर्यंत राहणार. त्यांचं आत्ता काढलं नाही. पावसाळ्यात भाडं उतरलेलं असतं ना?

तिकीटखिडकी
५ फेब्रुवारी २०२५, २३:०५

बरोबर केलंत. जुलैचा मध्य ते सप्टेंबर हा मंदीचा काळ. फक्त १५ ऑगस्ट यंदा शुक्रवारी आहे, तो आठवडा टाळा. त्याच महिन्याच्या अखेरीला, २७ तारखेला गणपती बसतात, तेव्हा मुंबईकडे येणारी विमानं भरतात. ५ किंवा ६ ऑगस्ट बघा. जूनच्या शेवटी शोधायला लागा.

ईशान्येकडची_वाट
६ फेब्रुवारी २०२५, ०९:१५

तेजपूरला नोकरीला होतो, मुंबई-गुवाहाटी खूपदा केलंय. आईबाबा पहिल्यांदा बसतायत म्हणून सांगतो: जाताना डाव्या बाजूची खिडकी घ्या, म्हणजे 'ए' अक्षराची. हवा स्वच्छ असेल तर शेवटच्या तासात डावीकडे हिमालयाची रांग दिसते, कांचनजंगासुद्धा. मेमध्ये धुरकट असतं, खात्री नाही. पण गुवाहाटीला उतरताना ब्रह्मपुत्रा दिसली तर तिचं पात्र बघून माणूस गप्प होतो.

कासपठार
६ फेब्रुवारी २०२५, २१:२०

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, कृष्णेएवढी असेल का गं? बाबांनी चष्मा काढून परत लावला आणि खिडकीचे किती जास्त म्हणून विचारलं. चारशे म्हटलं. 'घे' म्हणाले. आईबाबांच्या पीएनआरवर १४ए आणि १४बी घेतल्या आहेत. १४ए आईची.